‘स्क्विड गेम’ : खेळ कुणाचा, मरण कुणाचे?

कोरमंगला, बेंगळुरू

१७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका जगभर एकाच दिवशी प्रदर्शित केली आणि पहिल्या २८ दिवसांत ती १६५ कोटी तास पाहिली गेली. २६ डिसेंबर २०२४ रोजी तिचे दुसरे आणि २७ जून २०२५ रोजी तिसरे व अखेरचे पर्व आले. कर्जात बुडालेली ४५६ माणसे एका निर्जन बेटावर नेली जातात, तेथे त्यांना लहान मुलांचे खेळ खेळावयास लावले जाते, हरणाऱ्यास तिथल्या तिथे ठार केले जाते आणि शेवटी उरणाऱ्यास ४५.६ अब्ज वॉन मिळतात, एवढे तिचे कथासूत्र आहे. स्क्विड म्हणजे आपल्या कोकणच्या बाजारात मिळणारी माकूल. माकुलीच्या आकाराची आकृती जमिनीवर आखून कोरियातील मुले जो खेळ खेळत, त्यावरून मालिकेस हे नाव मिळाले.

अशा रक्तरंजित मनोरंजनाची दखल पक्षाच्या मुखपत्राने का घ्यावी, असा प्रश्न काही कॉम्रेड विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ज्या तरुण कष्टकऱ्यांपर्यंत आपली पत्रके पोचत नाहीत, त्यांच्या खिशातील फोनपर्यंत ही मालिका केव्हाच पोचलेली आहे. शिवाय तिचा नायक हा संपात नोकरी गमावलेला मोटार कामगार आहे, आणि त्या संपाची खरी हकिकत सांगू लागले की तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. मालिका पाहणाऱ्या आपल्याकडील फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

या मालिकेची ख्याती तिच्या कथेतील अनपेक्षित कलाटण्यांसाठी आहे. म्हणून त्या कलाटण्यांचाच विचार येथे करावयाचा आहे. तो करताना रहस्ये उघड करावी लागतील. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा त्याने थोडा रसभंग होईल, त्याबद्दल क्षमा असावी.

करारावरील सही

प्रेक्षकांनी ज्या कलाटण्यांची चर्चा केली त्या दोन. पहिली ही की, खेळात सामील झालेला, मेंदूच्या आजाराने खचलेला, पहिल्या क्रमांकाचा म्हातारा ओ इल-नाम हाच त्या खेळाचा धनाढ्य जनक निघतो. दुसरी ही की, काळा मुखवटा घातलेला व्यवस्थापक हा बेपत्ता भावाचा शोध घेत बेटावर शिरलेल्या पोलिसाचा तोच भाऊ असतो. दोन्ही प्रसंग कौशल्याने रचलेले आहेत. परंतु मालिकेतील खरी, हाडापर्यंत जाणारी कलाटणी याआधीच, दुसऱ्या प्रकरणात घडून जाते आणि तिला मुखवट्याची गरज पडत नाही.

खेळात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने एका करारावर सही केलेली असते. त्याचे तिसरे कलम असे की, बहुमताने ठरल्यास खेळ थांबविता येईल. पहिल्याच खेळात २५५ माणसे गोळ्यांनी मरतात. उरलेली २०१ हे कलम वापरतात. मतदान होते, १०० विरुद्ध १०० अशी कोंडी होते, आणि शेवटचे मत त्या म्हाताऱ्याचे पडून सर्वांची सुटका होते. येथे कथा संपावयास हवी. पण घरी परतल्यावर त्यांना काय दिसते? आईच्या पायावर मधुमेहाने आलेली जखम आणि रुग्णालयाचे बिल. मजुरी थकविणारा मालक. दारात उभा असलेला सावकार. आणि काही दिवसांत २०१ पैकी १८७ माणसे आपण होऊन, पुरते जाणून, त्या बेटावर परत जातात.

या प्रकरणाचे नाव ‘नरक’ असे आहे आणि त्यातील बहुतेक दृश्ये बेटाबाहेरची, म्हणजे आपल्या रोजच्या जगातील आहेत. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी भाषण न करता येथे जे दाखविले, ते मार्क्सने कामगाराच्या ‘दुहेरी स्वातंत्र्या’विषयी सांगितले होते. कामगार आपली श्रमशक्ती विकावयास स्वतंत्र आहे, आणि ती विकण्याखेरीज जगण्याच्या इतर सर्व साधनांपासूनही तो ‘मुक्त’ केला गेला आहे. दारावर पहारा नाही, हातात बेडी नाही. करार आहे, सही आहे आणि मतदानाचा हक्कही आहे!

हे प्रकरण मी आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुणाच्या फोनवर पाहिले. फोनच्या काचेला उभा तडा गेलेला होता. हा तरुण निपाणीकडचा. घरी आई विड्या वळते, आणि हा येथे दुचाकीवरून लोकांच्या दारी जेवण पोचवितो. दुचाकीचे हप्ते चालू आहेत. प्रकरण संपल्यावर तो म्हणाला, “ताई, कुणी जबरदस्ती केली न्हवती की त्यांच्यावर. स्वतःच सही केली. मतदान बी घेतलं.” मी त्याला काही उत्तर देण्यापूर्वी त्याच्या फोनवर नवी मागणी आली आणि तो शिरस्त्राण उचलून जिना उतरला. नको म्हणावयाची मुभा त्यालाही असते. पण दोनदा नको म्हटले की तिसरी मागणी उशिरा येते, हे त्याला कुणी शिकविलेले नाही, अनुभवाने कळलेले आहे.

भिडू आणि कच्चे लिंबू

माझे काम अनुवादाचे. त्यामुळे मालिका पाहताना मूळ शब्दांकडे कान गेला. आणि मला असे आढळले की, तिच्या गाभ्यातील दोन शब्द मराठीत जसेच्या तसे हाती येतात.

गोट्यांच्या खेळात म्हातारा इल-नाम नायक गी-हुनला आपला ‘क्कान्बू’ म्हणतो. गल्लीत खेळताना ज्याच्याशी गोट्यांची पुंजी सामाईक असते, तुझे-माझे नसते, तो क्कान्बू. मराठीत त्याला ‘भिडू’ म्हणतात. या प्रकरणात खेळाडूंना जोड्या जुळविण्यास सांगितले जाते. भिडू सोबत हवा म्हणून जो तो आपल्या जवळच्या माणसाची निवड करतो. मग जाहीर होते की, आता याच दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळावयाचे आहे आणि हरणारा मरणार आहे. या एका क्षणात ‘भिडू’ या शब्दाचा अर्थ फिरतो. कंत्राटी कामगाराला कायम कामगाराविरुद्ध, परप्रांतीयाला स्थानिकाविरुद्ध, आणि आता तर एकाच गल्लीतील दोन दुचाकीस्वारांना गुणांकनाच्या ताऱ्यांवरून परस्परांविरुद्ध उभे करणाऱ्या व्यवस्थेचे इतके नेमके चित्र अलीकडे दुसरे पाहण्यात नाही.

याच प्रकरणात अली हा पाकिस्तानी स्थलांतरित मजूर फसविला जातो. मालकाने त्याची सहा महिन्यांची मजुरी बुडविलेली, कारखान्यात बोटे गेलेली. ही भूमिका अनुपम त्रिपाठी या दिल्लीच्या अभिनेत्याने केली आहे. उच्चविद्याविभूषित सांग-वू याला अली आरंभी ‘मालक’ म्हणतो. पुढे सांग-वू त्याला सांगतो की मला दादा म्हण. अली त्याला दादा म्हणू लागतो, आणि त्याच दादाच्या शब्दावर विश्वासून आपल्या गोट्यांची पिशवी त्याच्या हाती देतो. परत मिळालेल्या पिशवीत खडे असतात. इंग्रजीला या ‘दादा’ला साजेसा शब्द नाही, त्यामुळे तेथे हे प्रकरण निव्वळ एका फसवणुकीचे वाटते. मराठी वाचकाला मात्र त्यातील नात्याचा खून कळतो.

दुसरा शब्द ‘क्काकदुगी’. खेळात एखादे पोर लहान किंवा दुबळे असले, कुणाच्याच जोडीत बसले नाही, तर मुले त्याला हाकलून देत नाहीत. ते खेळते, पण बाद होत नाही. आपण त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणतो. गोट्यांच्या खेळात मी-न्यो नावाची बाई भिडूविना एकटी उरते आणि याच नियमाने वाचते. लहान मुलांनी, कोणतेही अर्थशास्त्र न शिकता, खेळातील सर्वांत दुबळ्यासाठी एक नियम करून ठेवला आहे. समाजवादाची ही बाळबोध पहिली इयत्ताच म्हणावयास हवी.

आणि येथेच तिसऱ्या पर्वातील सर्वांत क्रूर कलाटणी लक्षात येते. खेळ चालू असताना एका तरुणीस मूल होते. ती मरते, आणि धनाढ्य पाहुण्यांच्या इच्छेवरून त्या काही तासांच्या अर्भकास आईचा २२२ हा क्रमांक देऊन खेळाडू ठरविले जाते. पहिल्या पर्वात निदान तोंडदेखला शिल्लक असलेला कच्च्या लिंबाचा नियम येथे संपतो. जन्मलेले मूल जन्मतःच स्पर्धक! टीकाकारांनी या प्रसंगास अतिरंजित म्हटले. आईच्या कर्जासह जन्मास येणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो तितका अतिरंजित वाटणार नाही.

मुखवट्यामागील चेहरा

आता प्रसिद्ध कलाटणीकडे वळू. म्हातारा इल-नाम हाच खेळाचा धनी निघाल्यावर तो गी-हुनला कारण सांगतो. त्याचा धंदा सावकारीचा. पैसा अमाप झाला तेव्हा जगण्यातील गंमत गेली, म्हणून हा खेळ काढला. कथा म्हणून हा धक्का चांगला बसतो. परंतु विचार म्हणून येथे मालिका पहिल्यांदा कमकुवत होते. दुसऱ्या प्रकरणात जे शोषण एका व्यवस्थेचे होते, ते शेवटच्या प्रकरणात एका कंटाळलेल्या म्हाताऱ्याचे दुर्व्यसन होऊन बसते. सोनेरी प्राण्यांचे मुखवटे घालून, मद्याचे पेले हाती घेऊन बसलेले इंग्रजी बोलणारे पाहुणेही असेच आहेत. भांडवलदार हा विकृत असतो म्हणून शोषण होते, असा समज त्यातून पसरतो. वस्तुतः तो अत्यंत सभ्य, कुटुंबवत्सल, वेळेवर कर भरणारा असला तरीही शोषण चालूच राहते, ही खरी भयकथा आहे, आणि तिच्यासाठी मुखवटा लागत नाही.

या शेवटच्या प्रकरणाचे शीर्षक मात्र अर्थपूर्ण आहे. ह्यन जिन-गन या कोरियन लेखकाच्या १९२४ सालच्या एका कथेचे नावच त्याला दिलेले आहे. त्या कथेतील रिक्षा ओढणाऱ्या मजुराला एके दिवशी भरपूर भाडी मिळतात, तो त्या दिवसाला नशिबाचा दिवस म्हणतो, आणि घरी पोचतो तो आजारी बायको मेलेली असते. गी-हुनही कोट्यवधी वॉन जिंकून घरी येतो तेव्हा आई मेलेली असते. शंभर वर्षांत हातरिक्षा गेली आणि दुचाकी आली. नशिबाचा दिवस तसाच राहिला.

दिग्दर्शकाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही कथा त्यांनी २००८-०९ च्या सुमारास, स्वतः कर्जात असताना लिहिली आणि निर्मात्यांनी ती अवास्तव म्हणून दहा वर्षे नाकारली. पुढे तिने नेटफ्लिक्सला अमाप पैसा मिळवून दिला. पहिल्या पर्वाच्या वेळी आपणास मूळ करारात ठरले तेवढेच मिळाले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. म्हणजे करारावरील सहीची गोष्ट सांगणाराही सहीतून सुटला नाही. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने ४५६ खऱ्या स्पर्धकांना तसेच हिरवे पोशाख घालून, ४५.६ लाख डॉलरच्या बक्षिसासाठी, खरोखरची स्पर्धा भरविली. भांडवलशाहीवरील टीकाही भांडवल हा हा म्हणता बाजारात मांडते, याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधावयास नको.

दोन ड्रॅगनांचा कारखाना

नायक गी-हुन हा ‘ड्रॅगन मोटर्स’मधून काढून टाकलेला कामगार आहे. पहिल्या पर्वाच्या पाचव्या प्रकरणात रात्री पहारा देताना त्याला संप आठवतो. डोळ्यांदेखत मेलेला सहकारी आठवतो. त्याच वेळी मुलगी जन्मत होती आणि तो तेथे जाऊ शकला नव्हता, हे आठवते. ‘सांगयाँग’ या कोरियन शब्दाचा अर्थच दोन ड्रॅगन असा आहे. सांगयाँग मोटर कंपनीतील संपावरून हे पात्र सुचले, हे दिग्दर्शकांनीच सांगितले आहे.

तो संप असा झाला. २००९ च्या आरंभी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा तिची मालकी शांघायच्या एका मोटार कंपनीकडे होती. २,६४६ कामगारांना काढण्याची योजना जाहीर झाली. २२ मे रोजी कामगारांनी प्योंगटेक येथील कारखाना ताब्यात घेतला आणि ७७ दिवस तो सोडला नाही. पाणी तोडले गेले, अन्न व औषधे अडविली गेली. हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचे द्रावण ओतले गेले. छपरावर विशेष पोलीस उतरविले गेले. ६ ऑगस्ट रोजी तो संपला. पुढील नऊ वर्षांत बडतर्फ कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून ३० जण आत्महत्येने वा आजाराने दगावले. मालिकेतील मृत्यूंना संगीत आहे, रंग आहेत. या तिसांना काही नव्हते.

२०११ मध्ये या कंपनीतील ७० टक्के हिस्सा मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विकत घेतला. संपाच्या वेळी ती मालक नव्हती, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. परंतु बडतर्फ कामगारांचा प्रश्न मालकीबरोबर तिच्या दारी आला. दक्षिण कोरियातील कामगारांची निवेदने मुंबईच्या पत्त्यावर येऊ लागली. जुलै २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मून जे-इन दिल्लीस आले असता त्यांनी आनंद महिंद्र यांच्यापाशी हा प्रश्न काढला. सप्टेंबर २०१८ मध्ये उरलेल्या ११९ कामगारांना परत घेण्याचा करार झाला आणि २०२० मध्ये शेवटचे कामगार फाटकातून आत गेले. २०२० च्या अखेरीस कंपनी पुन्हा दिवाळखोरीत निघाली आणि २०२२ मध्ये एका कोरियन उद्योगसमूहाने ती घेतली.

याहूनही मोलाची हकिकत पुढेच आहे. २०१३ मध्ये न्यायालयाने संपकऱ्यांवर नुकसानभरपाई म्हणून ४.७ अब्ज वॉनचा बोजा टाकला. जन्मभर फिटणार नाही असे हे कर्ज होते, अगदी मालिकेतल्यासारखे. तेव्हा एका सामान्य स्त्रीने एका साप्ताहिकाकडे ४७,००० वॉन पाठविले. तिचा हिशेब सरळ होता. एक लाख माणसांनी एवढेच दिले तर सगळी रक्कम भरेल. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटात मिळत असे, म्हणून या मोहिमेस पिवळ्या पाकिटाचे नाव पडले. हजारो लोक त्यात सामील झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या बेकायदा बळाविरुद्ध कामगारांनी केलेला प्रतिकार हा स्वसंरक्षण ठरू शकतो, असा निर्णय दिला. आणि राष्ट्राध्यक्षांनी पूर्वी दोनदा रोखलेला ‘पिवळ्या पाकिटाचा कायदा’ २४ ऑगस्ट २०२५ रोजी कोरियाच्या संसदेने मंजूर केला. संपाबद्दल कामगारांवर वाटेल तेवढ्या भरपाईचे दावे लावण्यास त्याने मर्यादा घातली, आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मूळ कंपनीसही वाटाघाटीस बसविले.

मालिका संपली जून २०२५ मध्ये. नायक स्वतः मरतो आणि अर्भक जिंकते. ज्या कामगारांवरून तो नायक घेतला, त्यांच्या लढ्याचे हे प्रकरण दोन महिन्यांनी संसदेत लिहिले गेले. या दोन शेवटांची तुलना प्रत्येकाने आपल्याशी करून पाहावी.

सोडतीचे घर

मराठी वाचकाला गी-हुन परका वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपाच्या नेतृत्वाविषयी आणि डावपेचांविषयी आपल्या पक्षातही पुष्कळ चर्चा झालेली आहे, ती येथे उगाळण्याचे कारण नाही. संपानंतर साचेवाले पहारेकरी झाले, भाजी विकू लागले, गावी परतले. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. आणि गिरण्यांच्या जमिनीवर कामगाराला घर मिळण्याचा जो प्रश्न हक्काचा होता, तो शेवटी ‘सोडती’चा झाला. २०१२ पासून म्हाडा गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडत काढीत आली आहे. अर्ज लाखाहून अधिक आणि घरे त्या मानाने फारच थोडी. म्हातारे कामगार वा त्यांचे वारस यादीत क्रमांक शोधत बसतात. हक्काचे रूपांतर नशिबात कसे केले जाते, हे समजून घेण्यासाठी कोरियन बेटापर्यंत जावे लागत नाही. लालबाग-परळपर्यंत गेले तरी पुरते.

येथे कोरमंगलातही तेच, फक्त नव्या पोशाखात. २००७ मध्ये फ्लिपकार्टची सुरुवात याच भागातील एका सदनिकेतून झाली, आणि दोघा तरुणांनी दोन खोल्यांतून अब्जावधींचे साम्राज्य उभारल्याची कथा येथील चहाच्या टपरीवरही ऐकावयास मिळते. ती खरीच आहे. परंतु शेजारीच असलेल्या एजिपुऱ्यात, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या वसाहतीतील घरे जानेवारी २०१३ मध्ये महानगरपालिकेने पोलीस बंदोबस्तात पाडली आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली, ही कथा कुणी सांगत नाही. एका जिंकणाऱ्याची गोष्ट घराघरांत पोचते. उरलेल्या ४५५ जणांची गोष्ट पोचत नाही. बक्षीस एवढ्याचसाठी ठेवलेले असते.

मूठभरांचे साहस

दुसऱ्या पर्वात गी-हुन खेळ मोडून काढण्यासाठी पुन्हा बेटावर जातो. येथे प्रत्येक खेळानंतर मतदान होते. ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या छातीवर निळे चिन्ह आणि ‘थांबवा’ म्हणणाऱ्यांच्या छातीवर लाल. दर मेलेल्या माणसामागे बक्षिसाची रक्कम वाढते, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, बहुमत पुढे खेळण्याच्या बाजूने पडते. निवडणुकीतील मतपेटीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे दृश्य बोचल्यावाचून राहणार नाही. पोट अडकलेले असले की मतही अडकते.

मग उठाव होतो. त्यात गी-हुनच्या जुन्या संपातील साथी जुंग-बेही असतो. उठाव मोडतो, जुंग-बे मारला जातो. सर्वांनी याचे कारण फितुरीत शोधले, कारण या खेपेस पहिल्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून व्यवस्थापक इन-हो स्वतःच त्यांच्यात मिसळलेला असतो. फितुरी झाली हे खरे. परंतु तिच्या आधी एक चूक झालेली आहे, आणि ती कम्युनिस्ट प्रेक्षकाने पाहिली पाहिजे. रात्री विरुद्ध मताचे लोक हल्ला करणार, हे गी-हुनला कळलेले असते. तो आपल्या थोड्या लोकांना पलंगाखाली लपवितो, उरलेल्यांना मरू देतो, आणि त्या गोंधळात रक्षकांच्या बंदुका हस्तगत करतो. थोड्यांचा बळी देऊन पुष्कळांना वाचवू, हा त्याचा हिशेब. हाच हिशेब खेळ चालविणाऱ्यांचाही असतो! ज्यांना सोबत घ्यावयाचे होते त्यांना आकड्यात धरले, निळ्या चिन्हाच्या माणसांना पटविण्याची तसदी घेतली नाही, आणि मूठभरांच्या साहसावर सगळा भार टाकला. असा उठाव फितूर नसता तरी फसलाच असता.

प्योंगटेकच्या कामगारांनी ७७ दिवस कारखाना धरला तो एकमेकांस आकड्यात न धरता. खुद्द गी-हुनच्या आठवणीत तो संप आहे. तरीही तिसऱ्या पर्वाच्या शेवटी दिग्दर्शक त्याला उंच खांबावरून उडी मारावयास लावतात आणि त्याचे बलिदान हेच एकमेव उत्तर म्हणून आपल्यापुढे ठेवतात. हे बलिदान हृद्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक माणूस बक्षीस नाकारून एका कच्च्या लिंबाला पुन्हा कच्चे लिंबू ठरवितो, आणि बाद करण्याचा नियम स्वतःवर घेतो. परंतु अगदी अखेरच्या दृश्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत नवी माणसे त्याच खेळासाठी हेरली जाताना दिसतात. बलिदानाने माणूस थोर झाला आणि खेळ होता तेथेच राहिला. मालिकेने आपल्याच उत्तरावर दिलेला हा प्रामाणिक अभिप्राय समजावयास हरकत नाही.

कामगारांनी मात्र तिचा उपयोग आपल्या पद्धतीने केला. २० ऑक्टोबर २०२१ रोजी दक्षिण कोरियातील कामगार संघटनांच्या महासंघाने सार्वत्रिक संप पुकारला, तेव्हा मोर्चात काही कामगार याच मालिकेतील पोशाख व मुखवटे घालून उतरले होते. कलाकृती अपुरी असली तरी ती हाती घेऊन पुढे कसे जावे, हे त्यांनी दाखविले. आपल्या शाखांनीही तिची टिंगल करण्याऐवजी ती तरुणांसोबत बसून पाहावी आणि दुसरे प्रकरण संपल्यावर चर्चा सुरू करावी.

किती जण?

त्या निपाणीच्या तरुणाची हकिकत अपुरी राहिली. गेल्या पावसाळ्यात रात्री खड्ड्यात चाक जाऊन तो पडला, मनगट सुजले, जेवण सांडले. दोन दिवसांनी सकाळी फोन उघडला तो काम देणारे खाते बंद. कारण दिलेले नाही, विचारावयास माणूस नाही. पडद्यावर एक वाक्य येते आणि त्याखाली काहीच नसते. मालिकेत बाद झालेल्याचे चित्र भिंतीवर विझते, तसेच हे. त्याच्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, सर्वांचीच रीत थोड्याफार फरकाने अशी आहे.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा आणला. त्यात कल्याण मंडळ आहे, प्रत्येक व्यवहारातील कामगाराच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के शुल्क कंपनीकडून घेण्याची तरतूद आहे, आणि कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची सूचना देण्याचे बंधन आहे. त्याला कामगार म्हणावे की भागीदार, हा मूळ प्रश्न या कायद्याने सोडविलेला नाही. तरीही खेळाच्या नियमात दुबळ्याच्या बाजूचे एक वाक्य बाहेरून घातले गेले, आणि ते मोर्चे-धरण्यांतून घातले गेले, याचे मोल कमी नाही.

मी त्याला हे सर्व समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “ताई, चौदा दिवस म्हंजे सुट्ट्या धरून का?” मला त्याचे उत्तर देता आले नाही. कायद्याचे पान काढून आम्ही दोघे पाहू लागलो. येत्या रविवारी याच भागातील दुचाकीवाल्यांची बैठक आहे, हेही मी सांगितले. तो म्हणाला, “तिथं किती जण असत्यात?”

सबंध मालिकेत बक्षीस किती, हे पुन्हा पुन्हा विचारले जाते. उरले किती, हेही विचारले जाते. आपण मिळून किती, हा प्रश्न तिच्या तीन पर्वांत अभावानेच ऐकू येतो. त्या सामान्य स्त्रीने मात्र ४७,००० वॉन पाकिटात घालताना नेमका हाच हिशेब केला होता.

मी त्याला खरा आकडा सांगितला. मागच्या वेळी अकरा जण होते.